सुरती कापूस, सिग्मा आणि मामांचा फोन

बरेच शनिवार कोरडे गेले, कबूल आहे. रिलीज चालू होता, आणि रिलीज चालू असताना माणसाला विकांत नावाची गोष्ट असते हे प्रोजेक्ट मॅनेजरला पटवून देणं अवघड असतं. असो. आज जरा लांबड लावणार आहे, चहा घेऊन बसा.

सुरुवात झाली ऑगस्ट २०२५ मध्ये. १९ ऑगस्टपासून सरकारने कापसावरचं ११ टक्के आयातशुल्क माफ केलं. आधी ३० सप्टेंबरपर्यंत, मग लगेच मुदत वाढवून ३१ डिसेंबरपर्यंत. त्या आठवड्यात मामांचा फोन आला. मामा जळगाव जिल्ह्यात कापूस लावतात. बाकी गप्पा झाल्या आणि मग मुद्द्यावर आले. "काय रे भाचा, तू कंप्युटरवाला ना? बाहेरचा कापूस दहा टक्के स्वस्त झाला तर आपला भाव कितीने पडंल, एवढं सांग. खेडा खरेदीला देऊन मोकळं व्हायचं का हमीभावाच्या सेंटरची वाट पाहायची, ते ठरवायचंय."

मी म्हटलं, "मामा, दोन दिवस द्या, काढून सांगतो." इंजिनियर माणसाला "माहीत नाही" म्हणता येत नाही, हा आमच्या जातीचा दोष :)

शनिवारी बसलो. मॉडेल सोपं घेतलं. देशात दोन तऱ्हेचा कापूस, एक आपला आणि एक बाहेरचा. वापरात बाहेरच्याचा वाटा दहा टक्के धरला. आपलं पीक शेतात उभंच आहे, तेव्हा ते कमीजास्त होणार नाही. ११ टक्के शुल्क गेलं म्हणजे बाहेरचा कापूस साधारण दहा टक्क्यांनी उतरला. एकूण कापसाची मागणी भावाला फारशी दाद देत नाही असं धरलं (लवचिकता ०.५). आता उरला एकच आकडा, गिरणीवाला आपला कापूस सोडून बाहेरच्याकडे किती सहज वळतो तो. पुस्तकात याला प्रतिस्थापनाची लवचिकता म्हणतात, आणि खूण म्हणून सिग्मा हे ग्रीक अक्षर लिहितात.

सिग्मा म्हणजे काय ते आमच्या स्वयंपाकघरात बघा. तूरडाळ महाग झाली की आई निमूट मुगाच्या वरणावर येते. आजोबा मात्र आमटी तुरीचीच मागणार, भाव काहीही असो. म्हणजे आईचा सिग्मा मोठा, आजोबांचा जवळपास शून्य. नेमकं सांगायचं तर दोन वस्तूंच्या भावाचं गुणोत्तर एक टक्क्याने बदललं की त्यांच्या वापराचं गुणोत्तर किती टक्के बदलतं, तो आकडा.

भाव क्विंटलला ७५०० धरून मी सिग्मा १ टाकला. उत्तर आलं, भाव ७० रुपयांच्या आत पडेल. २ टाकला, पावणेदोनशे. ८ टाकला, साडेचारशे! बाकी एक अक्षर बदललं नव्हतं. मामांकडे यायचा होता अंदाजे साठ क्विंटल. म्हणजे फटका चार हजारांचा की सत्तावीस हजारांचा, हे मी कीबोर्डवरचं कुठलं बटण दाबतो त्यावर ठरत होतं. आणि गंमत म्हणजे १ पासून ८ पर्यंतचे सगळे आकडे छापील पेपरांत कुठे ना कुठे सापडतात.

मग अर्थातच मॉडेल राहिलं बाजूला, आणि मी या आकड्याच्या इतिहासात घुसलो.

ही लवचिकता आधी हिक्सने १९३२ मध्ये आणि पाठोपाठ जोन रॉबिन्सनने मांडली, पण ती भांडवल आणि मजूर यांच्या संदर्भात. म्हणजे मजुरी वाढली तर मालक मशीन आणेल का, असा प्रश्न. १९६१ मध्ये ॲरो, चेनरी, मिन्हास आणि सोलो या चौघांनी एका पेपरात ती ज्या सूत्रात बसवली ते सूत्र आजही सगळीकडे चालतं. यातले मिन्हास म्हणजे आपले बी. एस. मिन्हास, जे पुढे नियोजन आयोगावर होते. सूत्राच्या नावातच "स्थिर" हा शब्द आहे. सिग्मा स्थिर. तो मोजला म्हणून स्थिर नाही बरं का, तसा धरला की गणित सुटतं म्हणून स्थिर. हे लक्षात ठेवा, पुढे लागणार आहे.

मग १९६९ मध्ये आंतरराष्ट्रीय नाणेनिधीतल्या पॉल आर्मिंग्टनने एक पेपर लिहिला. त्याचं म्हणणं एवढंच, की फ्रेंच यंत्र आणि जपानी यंत्र ही एकच वस्तू नव्हे, वेगवेगळ्या वस्तू धरा. दिसायला साधी गोष्ट, पण त्याआधीच्या पुस्तकी सिद्धांतात माल एकच असेल तर जो स्वस्त तो सगळा बाजार खाणार, आणि प्रत्यक्षात तर एकच देश तोच माल आयातही करतो आणि निर्यातही करतो. आर्मिंग्टनने माल मूळ देशानुसार वेगळा केला आणि मधे सिग्मा बसवला. तेव्हापासून व्यापाराच्या जवळपास सगळ्या मोठ्या संगणकी मॉडेल्सच्या पोटात हा आकडा बसलेला आहे. पर्ड्यू विद्यापीठातलं जीटॅप हे त्यातलं सगळ्यात वापरातलं. त्यात "दोनाचा नियम" म्हणून एक प्रकार आहे. देशी विरुद्ध आयात यातला सिग्मा जो असेल त्याच्या दुप्पट, एका परदेशाकडून दुसऱ्या परदेशाकडे वळण्याचा सिग्मा. दुप्पटच का? बराच काळ मुख्यतः प्रथा म्हणून! आमच्या कोडमध्ये असाच एक गुणिले दोन आहे. कोणी लिहिला ते ठाऊक नाही, काढायची हिंमत कोणी करत नाही.

पण मला खरी हवी होती ती कापसाची गोष्ट. आणि ती पेपर-बिपर निघायच्या शंभर वर्षं आधी घडून गेलीय, थेट आपल्या दारात.

१८५८ मध्ये दक्षिण कॅरोलायनाचा सेनेटर हॅमंड अमेरिकी सेनेटमध्ये उभा राहिला आणि कापूस हा राजा आहे, त्याच्याशी लढायची कोणाची छाती नाही अशा अर्थाचं भाषण ठोकलं. तीन वर्षं आमचा कापूस मिळाला नाही तर इंग्लंड कोसळेल, हा त्याचा हिशेब. यात मळ्यांवरच्या गुलामांच्या श्रमाचा हिशेब कुठेच नव्हता, हे वेगळं सांगायला नको. १८६१ मध्ये यादवी युद्ध पेटलं. उत्तरेने बंदरांची नाकेबंदी केली, आणि दक्षिणेनेही सुरुवातीला आपणहूनच कापूस रोखून धरला, की इंग्लंड कळवळून मदतीला येईल. आमच्या भाषेत सांगायचं तर एका अख्ख्या बंडखोर सरकारने परराष्ट्र धोरण सिग्मा बरोबर शून्य या गृहीतकावर उभं केलं होतं.

आता आकडे बघा. १८६० मध्ये ब्रिटनने सुमारे १३९ कोटी पौंड वजनाचा कापूस आयात केला. त्यातला १११ कोटींच्या वर अमेरिकेचा, हिंदुस्थानचा जेमतेम २० कोटी. १८६२ मध्ये एकूण आयात आली ५२ कोटींवर. अमेरिकेचा दीड कोटीही नाही, हिंदुस्थानचा ३९ कोटी. लँकेशायरमध्ये हाहाकार उडाला. १८६२ च्या हिवाळ्यात सुमारे पाच लाख माणसं मदतीच्या अन्नावर जगत होती. म्हणजे हॅमंडचं निम्मं म्हणणं खरं ठरलं. पण इंग्लंड कोसळलं नाही, आणि युद्धातही उतरलं नाही.

मी हे आकडे त्याच सूत्रात टाकले. अमेरिकन विरुद्ध सुरती हे प्रमाण दोन वर्षांत जवळजवळ एकशेसाठपटीने घसरलं. सिग्मा १ असता तर अमेरिकन कापूस सुरतीच्या तुलनेत एकशेसाठपट महाग व्हायला हवा होता. २ असता तर बारा-तेरापट, ४ असता तर साडेतीनपट, ८ असता तर साधारण १.९ पट. (आयात म्हणजे वापर नव्हे, गोदामात आधीचा साठा होता, हे मान्य. ढोबळच हिशेब आहे.) प्रत्यक्षात काय झालं? लढाईपूर्वी लिव्हरपूलला अमेरिकन कापूस पौंडाला सहा-सात पेन्स होता आणि सुरती पाचच्या आसपास. १८६४ मध्ये अमेरिकन सत्तावीस-अठ्ठावीस, सुरती वीस-एकवीस. दोघेही चौपट झाले, पण एकमेकांच्या तुलनेत जवळपास होते तिथेच! सूत्राला विचारलं तर ते म्हणतं सिग्मा अनंत. म्हणजे गिरणीवाल्याला दोन्ही कापूस सारखेच.

इथे मी थांबलो, कारण हे साफ खोटं असणार. सुरती (हे व्यापारी नाव, त्यात गुजरातचा, खानदेशचा, वऱ्हाडचा सगळाच पश्चिम हिंदुस्थानी कापूस आला) आखूड धाग्याचा, कचऱ्याने भरलेला. त्यात पानं, सरकी, माती, आणि वजनासाठी मुद्दाम घातलेले दगड आणि पाणीसुद्धा. भेसळ एवढी, की मुंबई सरकारला १८६३ मध्ये कापसातल्या लबाडीविरुद्ध वेगळा कायदा करावा लागला. लँकेशायरच्या कामगाराला उक्त्यावर पैसे मिळायचे. सुरती सुताचा धागा सारखा तुटे आणि दिवसाची कमाई बुडे. तिकडच्या चर्चमध्ये देवा, कापूस पाठव, पण सुरती नको, अशी प्रार्थना एकाने केल्याची गोष्ट सांगतात. "सुरत" हा शब्द तिकडे भिकार मालासाठी शिवीसारखा वापरला जाऊ लागला होता. मग एवढा नकोसा माल बरोबरीच्या भावात गेला कसा?

याचं उत्तर मला वॉकर हॅनलन या अर्थशास्त्रज्ञाच्या २०१५ च्या पेपरात मिळालं, आणि ते वाचून मी अक्षरशः खुर्चीत ताठ बसलो. या माणसाने त्या काळातली ब्रिटिश पेटंट्स चाळली. युद्ध सुरू झाल्यावर कापड-यंत्रांच्या पेटंट्समध्ये उसळी आली, पण सगळीकडे नाही. सरकी काढणं, गाठी मोकळ्या करणं, कचरा झाडणं, पिंजणं, म्हणजे नेमकं जिथे सुरती कापूस त्रास द्यायचा तिथे. सुरुवातीला मुबलक झालेल्या सुरतीचा भाव अमेरिकनच्या तुलनेत घसरला, म्हणजे पुस्तकाबरहुकूम. पण नवी यंत्रं यायला लागली तसा तो पुन्हा युद्धापूर्वीच्या पातळीवर चढला, पुरवठ्याचं प्रमाण सुरतीकडे झुकलेलं असूनही.

म्हणजे झालं काय, की गणितातला सिग्मा बदललाच नव्हता (किंवा बदलायची गरज नव्हती), बदललं होतं ते सुरतीचं वजन, त्याचा उपयोग. एक पौंड सुरतीतून आता जास्त सूत निघत होतं. ज्याला यंत्रशाळेतली ही खटपट दिसत नाही, फक्त भाव आणि गाठी दिसतात, तो सगळं श्रेय सिग्माला देणार आणि अनंत लिहून मोकळा होणार. मी तेच केलं होतं. त्यात आणखी एक मेख आहे. ॲसेमोग्लूच्या ज्या सिद्धांताची हॅनलन परीक्षा घेत होता, त्यात ही भावाची उलटी उसळी येण्यासाठी सिग्मा पुरेसा मोठा असावा लागतो, साध्या मॉडेलमध्ये २ च्या वर. म्हणजे गिरणीवाल्याला वळायची थोडी तरी सोय हवी, तरच संशोधकाला त्या वाटेवर कष्ट घ्यावेसे वाटतात. आजोबांसारखे गिऱ्हाईक असते तर मुगाच्या वरणावर कोण प्रयोग करत बसणार?

आता आपल्याकडची बाजू. दक्षिणेच्या जमीनदारांनी सिग्मा शून्य धरला, तर मुंबईने धरला अनंत. लँकेशायर आता कायमचं आपल्याकडे वळलं, अमेरिका संपली, अशी समजूत. त्या चार-पाच वर्षांत नेहमीच्या किमतीपेक्षा आठ कोटी पौंडांच्या आसपास जास्तीचा पैसा मुंबईत आला असा जुन्या ग्रंथांतला अंदाज आहे. प्रेमचंद रायचंद, नव्या बँका, आणि समुद्र बुजवून जमीन करणारी बॅक बेची कंपनी. तिचा पाच हजारांचा शेअर पन्नास हजारांच्या घरात गेला होता! राजाबाई टॉवरसाठी प्रेमचंदांनी पैसे दिले ते याच काळातल्या कमाईतून. टॉवर पुरा व्हायला १८७८ उजाडलं, तोवर तेजी केव्हाच विरली होती. एप्रिल १८६५ मध्ये जनरल ली शरण आला, कापसाचे भाव कोसळले, आणि १ जुलै १८६५ ला वायद्यांची देणी चुकवायची वेळ आली तेव्हा मुंबईतली भलीभली घराणी रिकामी झाली. बँक ऑफ बॉम्बे १८६८ मध्ये गुंडाळावी लागली. नागपूरपर्यंत रेल्वे पोचली १८६७ मध्ये, म्हणजे वऱ्हाडच्या शेतकऱ्याच्या दारात गाडी आली ती वरात निघून गेल्यावर.

गंमत अशी, की मुंबईचा अंदाज अगदीच चुकीचा नव्हता. १८६६ मध्येही ब्रिटनने हिंदुस्थानचा ६० कोटी पौंडांच्या वर कापूस घेतला. वळलेलं गिऱ्हाईक एका रात्रीत परत गेलं नाही, यंत्रं सुरतीसाठी जुळवलेली होतीच. पण भाव? तो गेला. शेतकऱ्याला गाठी विकल्या गेल्या याच्याशी कर्तव्य नसतं, काय भावाने गेल्या याच्याशी असतं. तेजीत सावकारांनी सढळ हाताने दिलेलं कर्ज तेवढं मागे राहिलं. १२ मे १८७५ ला पुणे जिल्ह्यात सुप्याला शेतकऱ्यांनी सावकारांची कर्जखतं जाळली. त्याला कापूसच कारण असं मी म्हणणार नाही, सुप्याचा मुलूख मुळात कापसाचा नव्हे, आणि १८६७ पासूनच्या फेरपाहणीत वाढलेला साराही होता. इतिहासकार यावर अजून भांडतात. पण तेजीतली स्वस्त उधारी आणि मंदीतली वसुली ही साखळी त्या वेळच्या चौकशी आयोगालाही दिसली होती.

आता कोणी म्हणेल की या सगळ्या जुन्या गोष्टी, आता आकडे नीट मोजतात. हो का? २ एप्रिल २०२५ आठवा. ट्रम्प यांनी तक्ता हातात धरून देशोदेशीचं आयातशुल्क जाहीर केलं, भारतावर २६ टक्के. अमेरिकेच्या व्यापार प्रतिनिधी कार्यालयाने त्याचं सूत्रही प्रसिद्ध केलं. व्यापारी तूट भागिले आयात, आणि खाली दोन ग्रीक अक्षरांचा गुणाकार. पहिलं अक्षर, भाव चढला की आयात किती घटते, त्याची किंमत ४. दुसरं, शुल्काचा किती हिस्सा आयातीच्या भावात उतरतो, त्याची किंमत ०.२५. चार गुणिले पाव, बरोबर एक! दोन्ही अक्षरं गायब. भारताशी तूट साधारण ४५.७ अब्ज डॉलर, आयात ८७.४ अब्ज, भागाकार ५२ टक्के, त्याचा निम्मा २६. शाळेतल्या मुलाने करावा असा हिशेब.

आणि तो पाव कुठून आला? ज्या संशोधनाचा दाखला दिला होता (काव्हालो, आपल्या गीता गोपीनाथ, नीमन आणि टँग) त्यात बंदरावरच्या भावात शुल्क जवळजवळ पूर्णच उतरतं असं निघालं होतं, साधारण ०.९५. त्यातल्या नीमन यांनी मग आमचा पेपर तुम्ही भलताच वाचलात असं जाहीरपणे लिहिलंसुद्धा. ०.९५ टाकून बघा. गुणाकार ३.८, भारताचे ५२ टक्के होतात चौदाच्या आत, निम्मे सातच्या आत, म्हणजे सगळ्यांना लावलेल्या किमान १० टक्क्यांवरच आपण थांबलो असतो. राहिला तो ४. त्याच टिपणात असंही लिहिलंय की ताज्या संशोधनानुसार दीर्घ काळाची लवचिकता २ च्या जवळ आहे. त्याच बोहम वगैरेंच्या पेपरात पहिल्या वर्षाची लवचिकता ०.७६ दिलीय. म्हणजे आकडा एक नाहीच, घड्याळ किती वाजता बघताय त्यावर तो ठरतो. लँकेशायरने हेच दाखवलं होतं.

जाता जाता आणखी एक. २०१२ मध्ये तीन अर्थशास्त्रज्ञांनी दाखवलं की बऱ्याच वेगवेगळ्या मॉडेल्समध्ये देशाला व्यापारातून होणारा फायदा दोनच आकड्यांवर येऊन ठेपतो, देशी मालावरचा खर्चाचा वाटा आणि ही लवचिकता. अमेरिकेसाठी २००० साली वाटा होता ९३ टक्के. लवचिकता ५ धरा, फायदा उत्पन्नाच्या १.४ टक्के. १० धरा, ०.७. एवढी जागतिकीकरणावरची भांडणं, आणि एका आकड्यासरशी उत्तर निम्मं.

तर मामा. रविवारी फोन केला आणि खरं ते सांगून टाकलं. "मामा, सत्तर रुपयांपासून साडेचारशेपर्यंत काहीही होऊ शकतं."

पलीकडे जरा शांतता. मग म्हणाले, "हे तर मलाबी माहीत होतं रे."

मग मी उलटा प्रश्न विचारला, जो खरं तर आधी विचारायला हवा होता. जिनिंगवाला काय म्हणतो? तर जिनिंगवाल्याचं म्हणणं असं, की गिरण्यांना बाहेरची गाठ आवडते कारण ती स्वच्छ असते. आपल्या गाठीत सुतळी, प्लॅस्टिक, माणसाचे केस निघतात. पण आयातीचा सौदा केल्यापासून गाठ गिरणीत पडेपर्यंत काही महिने जातात, आणि मिश्रण बदललं की मशीन पुन्हा जुळवावं लागतं, म्हणून लगेच सगळे तिकडे धावणार नाहीत. दिवाळीपर्यंत थोडं, नंतर जास्त. ग्रीक अक्षर न वापरता त्याने मला थोड्या काळाचा आणि लांब पल्ल्याचा सिग्मा असे दोन्ही सांगून टाकले होते.

मी २ पासून ४ पर्यंत धरून पुन्हा चालवलं. पावणेदोनशे ते तीनशे रुपये. मामांनी वीस क्विंटल पहिल्या वेचणीचा कापूस खेडा खरेदीला दिला, कारण हातात पैसा हवा होता. बाकीच्या चाळीससाठी हमीभावाच्या सेंटरवर नाव नोंदवलं. ॲपवर नोंदणी मीच करून दिली. ओटीपी तीनदा चुकला.